पैचा मेळ

सज्जनहो, ‘देवाच्या कामात हिशेब कसला विचारता?’ असे म्हणणारे आपल्या दिंड्यांत आणि सप्ताह समित्यांत पुष्कळ आहेत. पावती मागेल तो अश्रद्ध, ताळेबंद मागेल तो भांडखोर! वर तुकोबारायांचा दाखला देतात: ‘महाराजांनी तर खतपत्रेच इंद्रायणीत बुडविली.’

बुडविली खरी, पण कोणती? लोकांकडून येणे होते ती. तीही धाकट्या बंधूंचा, कान्होबांचा, निम्मा वाटा त्यांना देऊन, फक्त स्वतःच्या वाट्याची. आपले येणे सोडणे हे वैराग्य. दुसऱ्याने विश्वासाने दिलेल्या द्रव्याचा जाब चुकविणे याला वैराग्य कोण म्हणेल?

नाथमहाराजांची कथा आठवा. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या दप्तरात एका पैचा मेळ बसेना, म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. आम्ही कीर्तनकार तिथून झटकन परमार्थाकडे वळतो. पण स्वामींचा उपदेश झाला तो पै शोधणाऱ्या शिष्याला. ‘एका पैने काय होते’ म्हणणाऱ्याला तो झाला नाही.

मग संस्था निरोगी कशी ओळखावी? नुसत्या मोठ्या शिलकीवर भुलू नका. अन्नदानाला आलेले पैसे पंगतीला न लागता पडून असतील, तर ते देणेच आहे. ते परस्पर बांधकामाला वळविले असतील, तर दात्याचा विश्वासघात झाला. बँकेत थोडे आणि ‘हाती रोख’ भरपूर दिसली, तर ती रोख कोणाच्या घरी आहे ते विचारा. ‘येणे’ या सदरात विश्वस्ताचेच नाव असेल, तर तिथे बोट ठेवा. पावतीपुस्तकांचे क्रमांक सलग आहेत का, धान्य-तेल-गुळाची आवक-जावक लिहिली आहे का, तेही पाहा. आणि पुढच्या वारीचे ट्रकभाडे, तंबू, शिधा देणगीची वाट न पाहता भागेल एवढी गंगाजळी हवी.

१९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा हिशेब ठेवायला आणि तपासून घ्यायला सांगतोच. पण धर्मादाय कार्यालयात कागद दिला म्हणजे गावाला हिशेब दिला असे होत नाही. काल्याला सगळा गाव जमतो, तेव्हा जमाखर्च मोठ्याने वाचा आणि मंदिराच्या भिंतीवर लावा. ओंजळभर ज्वारी देणाऱ्या आजीलाही तो कळला पाहिजे.

प्रामाणिक विश्वस्ताला उघडी वही हेच चिलखत. उद्या कोणी चहाडी केली तरी तो निर्धास्त. म्हणून येत्या सप्ताहाची वर्गणी आनंदाने द्या, पावती घ्या आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च मागा. मागताना आवाज नम्र असावा, पण मागणे सोडू नका.

रामकृष्णहरी.