सातबारा काढलात, आता वाचाही



पीककर्जाला लागतो म्हणून आपण सातबारा काढतो आणि न वाचताच सोसायटीत देतो. वर्षातून एकदा तरी तो स्वतःसाठी वाचा.

महाभूलेख संकेतस्थळावर पुणे विभाग, सोलापूर जिल्हा, अक्कलकोट तालुका आणि आपले गाव निवडून गट क्रमांक घाला. क्रमांक ठाऊक नसेल तर नावाने शोधा. आपल्याकडे मैंदर्गीत अनेक घरांत कन्नड बोलतात. त्यामुळे आपले नाव मराठी कागदावर वेगळे लिहिलेले असू शकते. म्हणून आडनावानेही शोधून पाहा. पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो.

आता वाचा. नावावर आडवी रेघ असेल, किंवा जुन्या उताऱ्यात नाव कंसात असेल, तर ती नोंद कमी झाली आहे. ‘इतर हक्क’ नीट बघा; कर्ज फिटले तरी बोजा तिथे तसाच राहिलेला असू शकतो. नावाजवळचा फेरफार क्रमांक टिपून घ्या. जमीन खरेदीने आली की वारसाने, हे त्या क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये कळते. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात.

वडील वारले असतील तर वारस नोंद लांबवू नका. जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्जात बहिणींची नावे गाळू नका; लग्न झाले म्हणून हक्क संपत नाही. बहीण खुशीने हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा.

फेरफाराची नोटीस आली आणि नोंद मान्य नसेल, तर 15 दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग अपिलाचे हेलपाटे सुरू होतात.

जमीन घेणाऱ्यांनी नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नये. त्यातली नोंद कायदा खरी धरतो, पण ती खोटी ठरेपर्यंतच. मागची खरेदीखते आणि दुय्यम निबंधकांकडची सूची दोन तपासा. घराच्या बाबतीत नगरपरिषदेचा कर उतारा मालकीचा पुरावा नसतो. मिळकत पत्रिका असेल तर ती मागा.

घरात मोबाईल चालवणारी मुले आहेत. त्यांना शेजारी बसवा, आजोबांपासूनचे फेरफार एका वहीत क्रमाने उतरवून घ्या आणि चुकीची नोंद दिसली तर लगेच लेखी अर्ज करा.