कायद्याच्या विद्यार्थ्याची नाकेबंदी

बारावीत शिकणाऱ्या मुलाने दोन तासांची एक परीक्षा द्यावी, तीतील क्रमांकावरून त्याचे विधि विद्यापीठ ठरावे आणि पुढील पाच वर्षे, घरी काहीही घडो, त्याने तेथून हलू नये, अशी आपल्याकडील कायदेशिक्षणाची तऱ्हा आहे. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी २००८ पासून 'क्लॅट' ही सामायिक परीक्षा होते. तिला आमचा विरोध नाही. परंतु एका दुपारचा निकाल पाच वर्षे अढळ का राहावा, हे कोणी सांगेल काय?

समजा, भोपाळात शिकणाऱ्या एखाद्या गोमंतकीय मुलीचे वडील दुसऱ्या वर्षी अंथरुणाला खिळले. तिला पणजीच्या किंवा मडगावच्या महाविद्यालयात यावयाचे आहे. उत्तीर्ण झालेले विषय ग्राह्य धरले जातीलच, याची तिला खात्री नसते. पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करण्याची तयारी ठेवावी लागते. उलट, येथे दोन वर्षे उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलास बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाचे दार मधल्या वर्षी सहसा उघडत नाही.

यातील विसंगती अशी की, अभ्यासक्रम मुळात एकाच साच्यातील आहे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनी वीस विषय आणि चार प्रात्यक्षिक विषय सर्वत्र सक्तीचे केले आहेत. करारांचा कायदा भोपाळात एक आणि पणजीत दुसरा नसतो. अपवाद कौटुंबिक कायद्याचा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, तिच्यातील पतिपत्नींच्या सामायिक मालमत्तेची कल्पना आणि २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा यांची ओळख येथे व्यवसाय करणाऱ्यास हवीच. तो एक विषय नव्याने द्यावयास लावा. त्यासाठी दोन वर्षे बुडविण्याचे कारण नाही.

याच नियमांतील तेरावा नियम पुढे केला जातो. एखाद्या पदवीच्या बळावर एकात्मिक अभ्यासक्रमात मधूनच शिरण्यास आणि तो तोडून मध्येच पदवी घेऊन बाहेर पडण्यास तो मनाई करतो. तोच अभ्यासक्रम दुसरीकडे पुरा करू पाहणाऱ्याची गोष्ट निराळी, असे आम्हांस वाटते. परिषदेने ते स्पष्ट शब्दांत सांगून टाकावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या नव्या आयोगातून वैद्यक आणि कायदा वगळले. तेव्हा ही जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोयही परिषदेस नाही.

अमेरिकेत पहिल्या वर्षानंतर विधि महाविद्यालय बदलण्याची रूढ वाट आहे. किती विद्यार्थी आले, किती गेले, हे प्रत्येक संस्थेस दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. तेथेही सारे शुद्ध नाही. संस्थांची प्रतवारी लावताना प्रवेशपरीक्षेचे गुण पहिल्या वर्षाच्या मुलांचेच मोजले जातात. त्यामुळे प्रथम थोडे विद्यार्थी घ्यावेत आणि मागाहून बाहेरचे घेऊन शुल्काची भर करावी, असा मोह बड्या संस्थांना पडतो. लहान महाविद्यालयांची हुशार मुले निघून जातात, ती निराळीच. आपल्या दोन जुन्या महाविद्यालयांसही ही झळ लागेल, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि, मुलांना अडवून ठेवून महाविद्यालयाचा दर्जा राखता येत नसतो.

गोवा विद्यापीठाने परिषदेची वाट पाहत बसू नये. मुंबई विद्यापीठाशी आणि हुबळीच्या कर्नाटक राज्य विधि विद्यापीठाशी बोलून कोणता विषय कोणत्या विषयास समतुल्य, याची यादी त्याने येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी तयार करावी आणि प्रवेशपुस्तिकेत छापावी.