खुराड्यातले कोंबडे कापायचे कुणी?



आमच्या नगर जिल्ह्यातल्या (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) वस्त्यांवर बचत गटातल्या अनेक भगिनी परसात कोंबड्या पाळतात. कुणाकडे हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराजा, कुणाकडे बंगळूरची गिरिराजा, बाकीच्यांकडे आपली गावरान. अंड्यांचा हिशोब जमतो. अडते ते पुढे. दहा पिल्लांत चार-पाच नर निघतात. मोठे झाले की ते एकमेकांना टोचतात, दाणा संपवतात आणि अंडे तर देत नाहीतच. पूर्वी गावचा मुलाणी हे काम करी, ते त्याचे बलुतेच होते. आज मुलाण्याची पोरेही नोकरीला गेली. मग एक भगिनी विहारात आम्हांला विचारतात, "दादा, पंचशील म्हणणाऱ्या हाताने सुरी धरायची का?"

प्रश्न खरा आहे, तो हसून उडवण्यासारखा नाही. पहिले शीलच प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. पण बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचे जे विवेचन केले आहे ते आपल्यापैकी किती घरांत वाचले जाते? मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे, असे ते समजावतात. तत्त्व माणसाला विचार करायला लावते, तेव्हा विचार आपणच केला पाहिजे. भगवंतांनी यज्ञातल्या हत्येला विरोध केला, हे तर सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरात १९५६ नंतरही मरीआईला गुपचूप कोंबडे जाते आणि घरच्या ताटासाठी कापताना मात्र शील आडवे येते, त्या घराने शीलाचा अर्थ उलटा लावला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी मांसाहार पूर्ण सोडला त्यांना आमचा नमस्कार. मात्र सोडल्यावर शेजारच्या ताटाकडे नाक मुरडू नये. सोवळेपणा मागल्या दाराने आपल्या वस्तीत यायला नको. २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैलाचेही मांस बंद झाले, बोकडाचा भाव आपल्याला परवडत नाही. गरिबाच्या लेकराला अंडे आणि कोंबडी एवढेच उरले आहे.

धंद्याची गोष्ट वेगळी. उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार अंगुत्तर निकायात सांगितले आहेत, त्यांत मांसाचा व्यापार येतो. तेव्हा गटाने कोंबडी कापून विकायचे ठरवले तर हे माहीत असून ठरवावे. कारकुनी पगारावर बसून दुसऱ्याच्या पोटाला उपदेश करणे आम्हांला शोभत नाही, म्हणून इतकेच सांगतो. विकायचे झाले तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणीही लागते.

एका गोष्टीवर मात्र आम्ही कुणाचे ऐकणार नाही. आजारी किंवा मेलेली कोंबडी चुलीवर चढता कामा नये. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले. गावचे मेलेले ढोर ओढायचे आणि तेच खायचे, हा वतनाने आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला दिलेला भोग होता. त्या वतनाविरुद्धची परिषद आपल्याच जिल्ह्यात हरेगावला डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन गेले. पण राणीखेत आली, म्हणजे गावाकडे जिला मानमोडी म्हणतात ती, की कोंबड्यांच्या माना वाकड्या होतात आणि घरातले कुणीतरी म्हणतेच, "मरण्याआधी कापून खाऊ, वाया कशाला?" हे वाया जाणे नव्हे. बर्ड फ्लूसारखा रोग असला तर मोठा धोका ती कोंबडी हाताळण्यात, पिसे उपटण्यात आणि आतडी काढण्यात असतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला हा रोग सापडला, तेव्हा कोंबड्या हजारोंनी माराव्या लागल्या. अशी कोंबडी चुना टाकून खोल पुरावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. औषध चालू असलेली कोंबडीसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत कापू नये.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा करणाराने एकच कोंबडा घ्यावा. आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू. आतडी रिकामी असली की घाण होत नाही. पहाटे अंधारात डालग्यातूनच हळू उचलावा. अंगणभर पळवून दमवलेला, घाबरलेला जीव कापणे हा क्रूरपणा आहे आणि मांसही चिवट होते. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचे बूड कापावे, तोंड थोडे रुंद करावे आणि तो उलटा खिळ्याला टांगावा. कोंबडा त्यात डोके खाली करून सोडला की पंख आवळले जातात आणि तडफड होत नाही. सुरीला आदल्या दिवशीच दगडावर धार द्यावी. जबड्याच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका घावात कापल्या पाहिजेत. हात थरथरत असेल तर त्या दिवशी सुरी दुसऱ्याकडे द्यावी, त्यात कमीपणा नाही. दोन-तीन मिनिटे रक्त जाऊ द्यावे. मागून अंग हलते ते नसांचे हलणे असते. तरी पूर्ण शांत झाल्याशिवाय गरम पाण्यात घालू नये. घाईच्या दुकानांत अर्धा जिवंत पक्षी पाण्यात जातो. आपल्या घरी हे घडता कामा नये. लहान मुलांना त्या वेळी अंगणात ठेवू नये.

पाणी उकळते नको, कातडी फाटते. उकळत्या तीन तांब्यांना दोन तांबे गार पाणी, हे माप बरोबर बसते. पाऊण ते एक मिनिट बुचकळून पंखाचे मोठे पीस ओढून पाहावे; सहज आले की बाहेर काढून भराभर पिसे काढावीत. उरलेली बारीक लव गोवरीच्या जाळावर फिरवून भाजावी, हळद चोळावी. शेपटीवरची पिवळी तेलाची गाठ कापून टाकावी. गळ्याजवळची दाण्याची पिशवी आधी सोडवावी. मग गुदद्वाराभोवती सावकाश छेद घेऊन आतडी अखंड ओढून काढावीत. काळजावरची हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर रस्सा कडू झालाच म्हणून समजा. पेटा चिरून आतले खडे आणि पिवळे अस्तर काढावे. काळीज नीट पाहावे: तपकिरी, एकसारखे असेल तर ठीक, पांढरे-पिवळे ठिपके दिसले तर तो कोंबडा पुरावा, मन घट्ट करून.

मांस नळाखाली धो-धो धुऊ नये. उडणारे शिंतोडे भांड्यांवर, भाकरीवर जातात आणि जुलाबाचे जंतू त्यातूनच पसरतात. सुरी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. फ्रीज नसेल तर त्याच सकाळी शिजवावे. गावरान कोंबड्याला तासाहून अधिक वेळ लागतो. दीड किलोचा जिवंत कोंबडा साफ केल्यावर सुमारे एक किलो भरतो.

हे काम बाईनेच करायचे आणि पुरुषाने "झालं का?" म्हणून ओट्यावर बसायचे, हे आम्हांला मान्य नाही. पाणी तापवणे, पिसे काढणे, खड्डा खणणे याला पदवी लागत नाही. पिसे आणि आतडी कुत्र्यांपुढे उघड्यावर टाकू नयेत. वीतभर माती वर येईल इतक्या खोल पुरावीत. वर दोडक्याचा वेल लावला तर चांगला धरतो.

मानमोडीवर लासोटा आणि आर-टू-बी या लसी आहेत. त्या पिल्लाला कितव्या दिवशी आणि कशा द्यायच्या, ते पुढच्या अंकी.