वरिष्ठ सांगतील ती इतर कामे

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पाहुण्यांची नोंद करतो, पार्सलं ठेवून घेतो, पाण्याचा पंप चालू-बंद करतो, लिफ्ट अडकली की चावी घेऊन धावतो, आडवी लावलेली गाडी ढकलतो आणि स्कूलबसमधून उतरलेलं पोर वरच्या मजल्यावर पोचवतो. एजन्सीशी केलेल्या करारात मात्र त्याच्याविषयी जेमतेम एक ओळ असते: सुरक्षारक्षक, बारा तासांची पाळी, इतकी माणसं. पुढे कुठेतरी ते ठरलेलं शेपूट असतं, ‘वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ती इतर कामे’. साऱ्या सोसायटीचा कारभार त्या शेपटावर चालतो.

कायदा याहून बराच बोलका आहे. खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा 2005 चा. त्याखाली 2006 मध्ये निघालेल्या आदर्श नियमांनी रक्षकासाठी वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष जागेवर 60 तास असं प्रशिक्षण सांगितलं आहे, तेही किमान 20 कामाच्या दिवसांत. अभ्यासक्रम वाचला तर थक्क व्हायला होतं. आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं, स्फोटकं ओळखणं, पोलिसांत फिर्याद कशी द्यायची, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर चालतो, असं सगळं त्यात आहे. पंप चालू करणं नाही. केंद्राच्या किमान वेतनाच्या 2017 च्या अधिसूचनेतही बिनहत्यारी पहारेकऱ्याचा दर कुशल कामगाराएवढाच धरला होता. म्हणजे कागदावर हा माणूस कुशल आहे. गेटवर पोचेपर्यंत तो ‘कुणीही चालेल’ होतो.

महाराष्ट्राला तर हे नवं नाही. माथाडी कामगारांचा कायदा 1969 मध्ये करणाऱ्या या राज्याने 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही स्वतंत्र कायदा केला आणि मंडळं उभी केली. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, मालकाने पगार आणि वर लेव्ही मंडळात भरायची, अशी ती रचना. पण त्याच कायद्यातल्या सवलतीच्या कलमाचा आधार घेऊन अनेक एजन्सी मंडळाबाहेर राहिल्या. दोन जागी एकच गणवेश दिसतो, पण एकाच्या पाठीशी मंडळ असतं आणि दुसऱ्याच्या पाठीशी फक्त सुपरवायझरचा मोबाइल नंबर.

कामाची व्याख्या हा एचआरवाल्यांचा छंद आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी गोवंडी आठवावी. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या एका सोसायटीच्या सेप्टिक टाकीत उतरलेले तीन कामगार मेले. माणसाला अशा टाकीत संरक्षक साधनांशिवाय उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये मृतांच्या पत्नींना प्रत्येकी 10 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ‘साफसफाई’ एवढंच ठरलेलं असलं की झाडू आणि टाकी यांच्यातली रेघ कुणी आखायची? ती कामावर देखरेख करणाऱ्याच्या मर्जीवर सोडली जाते.

सरकारी कारभारातही घोळ हाच. राज्य सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. त्यात पदांची अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी चळत लावली होती. गदारोळ झाला आणि ऑक्टोबरात निर्णय मागे घ्यावा लागला. रोष कंत्राटीकरणावर होता आणि तो रास्तच होता. पण त्या गदारोळात एक प्रश्न बुडाला. सरकारी रुग्णालयातल्या ज्या ‘मामा’ आणि ‘मावशीं’ना स्ट्रेचर ओढण्यापासून नमुने प्रयोगशाळेत पोचवण्यापर्यंत सगळं करावं लागतं, त्यांना अकुशल ठरवतं कोण आणि कशाच्या आधारावर?

जिथे रेघा आखल्या जातात तिथे काम अडत नाही, उलट हलतं. राज्यातली 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून धावते आहे. फोन घेणारा वेगळा, गाडीत डॉक्टर, चाकावर पायलट. रुग्णाला कुणी तपासायचं याचा निर्णय रस्त्यात घ्यावा लागत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की कामं लिहून दिली की माणसं ‘हे माझं काम नाही’ म्हणायला लागतील. काही म्हणतीलही, त्यांनी टाकीत उतरायला असं म्हटलेलं उत्तमच. मध्यरात्री तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत कळ आली तर करार पाहून मागे हटणारा वॉचमन विरळा. अशा वेळी त्याला प्रथमोपचार येतो का, हा खरा प्रश्न. दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. प्रशिक्षित माणूस आणि आठ तासांची पाळी मागितली की मेंटेनन्स वाढणार. तो वाढू नये म्हणून आज डबल ड्यूटी केलेला माणूस पहाटे चार वाजता डुलक्या घेत साऱ्या इमारतीची राखण करतो.

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. पार्किंगवरून तिथे तास-तास भांडणं होतात. सुरक्षेचं कंत्राट सर्वांत स्वस्त दरपत्रकावर दोन मिनिटांत मंजूर होतं. दरपत्रकाबरोबर एजन्सीचा परवाना, प्रत्येक रक्षकाचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि कामांचा एक कागद मागायला कुठल्याही सभासदाला आडकाठी नाही. पंप चालवायचा असेल तर तोही त्या कागदावर लिहावा, आणि त्याचे पैसे वेगळे धरावेत.