आई कुठे आहे?

लग्नाचा अल्बम परवा पुन्हा काढला. अंतरपाटामागे मी, पाठीशी मामा, मुठीत अक्षता घेऊन सगळं गणगोत, मैत्रिणी. आई मात्र एकाही फोटोत नाही! मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नाहीत, तोवर तुळशीला पाणी घालायचं, म्हणून ती कार्यालयाच्या मागच्या अंगणात. (सासूबाई पुढच्या सोफ्यावर, हं.) रुखवतापासून आहेरापर्यंत सगळं तिनेच निस्तरलेलं.

मावशी म्हणते, आईला रडू येतं, बरं दिसत नाही. मग पाठवणीला रडलेलं कसं चालतं? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी आहे. आईला बाहेर बसवा, असं कुठेच नाही. मला ही पद्धत साफ नामंजूर आहे.

पुढच्या महिन्यात धाकटीचं लग्न. आईची खुर्ची पहिल्या रांगेत. तुळशीला पाणी सकाळीच घालू. आणि काकू, तुम्ही हे वाचताय ना?