आमच्या घरची शहाबादी

सहाव्या सेमिस्टरचं सबमिशन उरकून घरी गेलो, तर बाबा हॉलमध्ये टाइल्सचे सात-आठ नमुने मांडून बसलेले. आमचा पुण्यातला फ्लॅट 1978 सालचा, फरशी तेव्हाचीच शहाबादी. ताईचं लग्न ठरलंय, पाहुणे येणार, म्हणून ती उखडून पांढऱ्याशुभ्र व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचा बेत होता. "तू सिव्हिलचा ना? सांग, यातली इको-फ्रेंडली कुठली?" कॉन्ट्रॅक्टरने लगेच खोक्यावर छापलेलं हिरवं पान दाखवलं. मी म्हटलं, "पायाखाली आहे ती."

झालं! घरात महाभारत. पण मी हवेत बोलत नव्हतो.

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा. जमिनीत थरांनीच असतो. काढायचा, कापायचा, घासायचा, बसवायचा. भट्टी कुठेच नाही. गंमत म्हणजे शहाबादजवळच्या वाडीला चुनखडीपासूनच सिमेंट करतात. तिथे ती 1450 अंशांपर्यंत भाजली जाते, आणि फर्स्ट इयरला घोकलेलं आठवा: 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. इंधनाचा धूर वेगळाच. फरशी म्हणून वापरला तर तो कार्बन दगडातच राहतो. व्हिट्रिफाइड टाइल मात्र माती, फेल्डस्पार वगैरे दळून 1200 अंशांच्या आसपास भाजलेली असते. आपल्याकडे बहुतेक मोरबीहून येते. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथले कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. चांगलं झालं, पण भट्टी ती भट्टीच.

आता माझ्या बाजूचं भोकही सांगतो. पंचवीस मिलिमीटर जाडीची शहाबादी चौरस मीटरला 65 किलोच्या आसपास भरते, दहा मिलिमीटरची टाइल 23 किलो. मोरबी पुण्याहून शहाबादच्या दुप्पट लांब असली तरी वाहतुकीत दगडच हरतो. खाणीतली धूळ कामगारांच्या छातीत जाते ती निराळीच. तेव्हा नवीन घर असेल तर खुशाल वाद घाला. आमच्याकडे फरशी आधीच होती, हा मुद्दा. उखडायची म्हणजे दगड आणि खालचा चार सेंटिमीटरचा माल धरून चौरस मीटरला 145 किलो. चारशे चौरस फुटांचा हिशोब करा, पाच टनांच्या वर राडारोडा! त्याच्या विल्हेवाटीचे नियम 2016 पासून आहेत. तरी रात्री टेम्पो कुठे रिकामे होतात, हे नदीकाठाने फिरायला जाणाऱ्याला विचारा.

एका मित्राने बांबूचं फ्लोअरिंग सुचवलं. बांबू झकासच, पण पट्ट्या चिकटवायला रेझिन लागतं, त्यात बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड असतं. आणि आमच्याकडे रोज सकाळी बादलीभर पाण्याने फरशी पुसतात. असो.

माझी खरी बोलती बंद केली ती आईने. "लिंबू सांडलं की डाग, चिंचेचा कोळ सांडला की डाग. ॲसिड लावायची सोय नाही. कितीही पुसा, मळकीच दिसते. तुझा तो कार्बन पुसायला येणारे का?" (चुनखडी आणि आम्ल, पुन्हा फर्स्ट इयरच!) यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मदतीला धावली आजी. आत्याच्या घरी चकचकीत ओल्या टाइलवर घसरून ती दीड महिना अंथरुणात होती. "मी त्या आरशावर चालणार नाही," म्हणाली. विषय संपला.

हॉल आणि दोन्ही खोल्यांना मशीनने पॉलिश करून घेतलं. तीन दिवस घरभर राखाडी चिखल, मोरी एकदा तुंबली, बाबा माझ्याशी बोलत नव्हते. चौथ्या दिवशी फरशीचा निळसर करडा रंग वर आला आणि शेजारचे काका "कुठली टाइल घेतलीत?" म्हणून विचारून गेले. बाबांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

स्वयंपाकघरात मात्र टाइल्सच आल्या, त्याही खरखरीत पृष्ठभागाच्या. जी रोज पुसते तिचं मत मोठं, एवढं मला मान्य करावंच लागलं. तिथल्या निम्म्या फरश्या काढताना फुटल्या. उरलेल्या मी पार्किंगच्या मागे रचून ठेवल्यात. कुणाला अंगणात बाकडं नाहीतर तुळशीचा कट्टा बांधायचा असेल, तर येऊन घेऊन जा. फक्त टेम्पो तुमचा.