फॉर्मलिनच्या बरणीपूर्वी

मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात काहीतरी टणक लागते आणि ती घाबरून आपल्याकडे येते. विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग, पुष्कळदा असाच सापडतो. यथावकाश शस्त्रक्रिया होते. काढलेली गाठ फॉर्मलिनच्या बरणीत पडते, बरणीवर नाव व क्रमांक लिहिला जातो आणि ती पॅथॉलॉजी विभागाकडे रवाना होते. गाठ बरणीत पडण्यापूर्वीच्या त्या काही मिनिटांचा आपण डॉक्टरमंडळींनी नव्याने विचार करावा, असे माझे नम्र मत आहे.

नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातील मूलपेशींपासून आतड्याची सूक्ष्म प्रतिरूपे वाढविण्यात आली. हेच ऑर्गनॉइड. पुढे हीच पद्धत कर्करोगाच्या गाठींना लावली गेली. त्याच शहरातील प्रिन्सेस मॅक्सिमा सेंटर या बालकर्करोग केंद्राने २०२० मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पन्नासहून अधिक बालरुग्णांच्या ऊतींपासून ऑर्गनॉइडचा संग्रह उभा केला. त्यात अर्थातच विल्म्स ट्यूमरही आहे.

दुसरे साधन मास स्पेक्ट्रोमेट्रीचे. नवजात बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबामुळे हे यंत्र आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे. मेदाम्लांच्या चयापचयातील जन्मजात दोष तेच ओळखून देते. परंतु ऊतीचा लगदा करून तपासल्यास केवळ सरासरी कळते. चिवडा मिक्सरमधून काढला, तर मीठ किती ते कळेल. शेंगदाणे कोठे होते ते कळणार नाही. रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये यावर मार्ग दाखविला. गोठविलेल्या ऊतीचा पातळ काप घ्यावयाचा, त्यावर लेसर शोषणाऱ्या द्रव्याचा लेप द्यावयाचा आणि बिंदूबिंदूवर लेसर मारून तेथून सुटणारे विद्युत्भारित रेणू तोलावयाचे. संगणक त्यावरून प्रत्येक रेणूचा नकाशा रेखाटतो. रंगद्रव्य लागत नाही, अँटिबॉडी लागत नाही.

या नकाशात लिपिड, म्हणजे मेदद्रव्ये, विशेष ठळकपणे उमटतात. पेशीचे आवरण त्यांचेच, इंधनाचा साठाही त्यांचाच. गाठीतील पेशी मेदाम्ले स्वतःच तयार करतात, हे १९५३ पासून ठाऊक आहे. गाठीच्या कोणत्या भागात कोणते लिपिड वाढते, प्राणवायू कमी पडलेल्या गाभ्यात काय बदलते, औषध दिल्यावर काय घडते, हे प्रश्न आता नकाशावर पाहता येतात. अमेरिकेतील अमांडा हमन यांच्या गटाने २०११ मध्ये कर्करोगाच्या पेशींच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या गोळ्यांचे असे चित्रण केले आणि २०१८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ऑर्गनॉइडमध्ये इरिनोटिकॅन हे औषध कोठवर पोहोचते तेही दाखविले.

येथे अतिउत्साह नको. ऑर्गनॉइडला सहसा स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, शरीराचे संरक्षक दलही नसते. समान वस्तुमानाची दोन लिपिडे हे यंत्र एकट्याने वेगळी करू शकत नाही. या चित्रणावरून रुग्णाचे औषध ठरविणे हा अद्याप नित्याचा उपचार नव्हे. आईवडिलांना तशी आशा दाखविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मग आपला संबंध कोठे येतो? तो त्या बरणीशी येतो. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात, आणि मृत पेशींपासून ऑर्गनॉइड वाढत नाही. त्यानंतर मेणाचा ठोकळा करताना अल्कोहोल आणि झायलीन बहुतेक मेद विरघळवून नेतात. चरबीच्या पेशी स्लाइडवर रिकाम्या कड्यांसारख्या का दिसतात आणि मेदाच्या रंजनासाठी फ्रोझन सेक्शनच का लागतो, हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकलो आहोत. म्हणजे ज्याचा अभ्यास करावयाचा, तेच आपण नियमाने धुऊन टाकतो.

यावर रास्त आक्षेप आहेत. पहिला निदानाचा. विल्म्स ट्यूमरची अवस्था ठरविताना गाठीचे आवरण शाबूत असावे लागते. शल्यविशारदाने शस्त्रक्रियागृहातच गाठ कापली तर मुलाचे नुकसान होईल. म्हणून गाठ ताजी व अखंड पॅथॉलॉजिस्टकडे जावी आणि निदानाला लागेल ते घेतल्यानंतर उरलेला कण त्यानेच वेगळा काढावा. दुसरा आक्षेप साधनांचा. प्रत्येक रुग्णालयाला हे जमणार नाही, जमविण्याचे कारणही नाही. ऊतिसंग्रह सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेशी करार आणि नीतिसमितीची मंजुरी असेल तेथेच हे व्हावे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये असा संग्रह आहे.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत मोठा, आणि तो संमतीचा. बाल्टिमोर येथे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी जगभर वाढल्या, विकल्या गेल्या. कुटुंबाची एका कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ मध्ये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बालकासाठी पालकांची संमती लागते, सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकार लागतो आणि ते सज्ञान झाल्यावर पुन्हा विचारावे लागते. विल्म्स ट्यूमरचे बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील. आज प्रगत देशांत त्यांपैकी सुमारे ९० टक्के मुले बरी होतात, म्हणजे त्यांचा प्रश्न विचारण्याचा दिवस येणारच आहे.

कागदावर सही घेणे म्हणजे संमती नव्हे. आपल्या इंदूरात खरगोन, बडवानी, खंडव्याहून माणसे येतात. घरात कोणी निमाडी बोलते, कोणी भिली, कोणी मराठी. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री इंग्रजी फॉर्मवर उमटलेला अंगठा कोणत्या प्रश्नाचे उत्तर असतो?

म्हणून संस्थेला माझी विनंती लहान आहे. यंत्र विकत घ्या, असे मी म्हणत नाही. आपले शल्यविशारद, पॅथॉलॉजिस्ट आणि बालरोगतज्ज्ञ यांनी एकदा एकत्र बसावे आणि एक पानाचे निवेदन तयार करावे: काय घेणार, कोठे ठेवणार, त्यातून तुमच्या मुलाला आज काही मिळणार नाही, आणि नाही म्हटल्यास उपचारात तसूभरही फरक पडणार नाही. ते मराठीत असावे, हिंदीत असावे, निमाडी व भिलीत वाचून दाखविता यावे. आपल्या संस्थेत भाषा जाणणारी माणसे कमी नाहीत. हे पान तयार झाले, म्हणजे बरणीचे झाकण उघडण्यापूर्वी क्षणभर थांबण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.